काम तेच, नाव वेगळं! सायंटिफिक मॉडेलिंगमध्ये पोस्टडॉक शोधताना सर्च बॉक्समध्ये नेमकं काय टाकायचं?

२०२५ च्या पावसाळ्यात केंद्रीय कृषी मंत्रालयाने देशातल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मोबाइलवर मेसेज पाठवले. तुमच्या भागात मान्सून साधारण कधी पोहोचेल, हा अंदाज त्यात होता, आणि काही ठिकाणी तो चार आठवडे आधी दिला होता. त्यामागे गूगलचं न्यूरलजीसीएम, युरोपच्या हवामान केंद्राचं एआयएफएस आणि आपल्या हवामान खात्याकडचा १२५ वर्षांचा पावसाचा डेटा यांचं मिश्रण होतं. पेरणी आज करायची की अजून दहा दिवस थांबायचं, हे एका कम्प्युटर मॉडेलवर ठरायला लागलंय.

बातमीत कंपन्यांची आणि मंत्रालयाची नावं येतात. पण अशा मॉडेल्सच्या तळाशी असलेलं विज्ञान विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत वर्षानुवर्षं घडलेलं असतं. तिथे रोज बसून कोड लिहिणारे, तो मोडणारे आणि परत उभा करणारे बरेच लोक दोन-तीन वर्षांच्या करारावर काम करत असतात. त्यांना म्हणतात पोस्टडॉक.

मी स्वतः पीएचडी केलेली नाही. कम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. पण कॉलेजच्या बॅचमधले काही मित्र संशोधनाकडे गेले आणि आता तिशीच्या तोंडावर पोस्टडॉक शोधतायत. त्यातल्या दोघांसोबत गेल्या वर्षभरात बरेच रविवार मी लॅपटॉप उघडून बसलो. जागा कमी आहेत, हे तर खरंच. पण त्याच्या जोडीला आणखी एक अडचण आहे, आणि ती आमच्या सर्चवाल्यांच्या ओळखीची आहे. एकच काम दहा क्षेत्रांत दहा नावांनी चालतं, आणि आपण एकाच नावाने शोधत बसतो. आजचा लेख त्याबद्दल आहे.

आधी बेसिक: पोस्टडॉक आणि मॉडेलिंग म्हणजे काय?

पीएचडी झाल्यावर कायमची प्राध्यापकी किंवा शास्त्रज्ञाची नोकरी लागेपर्यंतचा जो करारावरचा संशोधनाचा टप्पा असतो, तो पोस्टडॉक. पगार मिळतो, पण मुदत ठरलेली असते. एक पोस्टडॉक संपला की बरेच जण दुसरा करतात, काही जण तिसराही.

हे पद दोन वाटांनी मिळतं. एखाद्या प्राध्यापकाकडे प्रोजेक्टचे पैसे असतात आणि तो जाहिरात देऊन माणूस घेतो, ही पहिली वाट. दुसरी म्हणजे फेलोशिप. त्यात तुम्ही स्वतःची कल्पना लिहून देता, ती निवडली गेली तर पैसे तुमच्या नावाने येतात आणि तुम्ही ठरवलेल्या लॅबमध्ये जाता. पहिल्या वाटेत आधीच ठरलेल्या कामात तुम्ही बसता. दुसरीत मोकळीक जास्त, स्पर्धाही जास्त.

आता सायंटिफिक मॉडेलिंग. खऱ्या जगातली एखादी गोष्ट गणिताच्या भाषेत मांडायची, कम्प्युटरवर चालवायची, आणि उत्तर प्रत्यक्षाशी जुळतं का ते तपासायचं. ढग, रक्तप्रवाह, बॅटरीतले अणू, आकाशगंगा, साथीचा रोग, शेअर बाजार, काहीही घ्या, पद्धत हीच. २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यातले स्युकुरो मानाबे आणि क्लाउस हासेलमान हे पृथ्वीच्या हवामानाचं मॉडेलिंग करणारे होते. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रोटीनच्या रचनेच्या कामाला मिळालं, त्यात अल्फाफोल्डवाले डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर होते. जंपर यांचा पाया भौतिकशास्त्र आणि गणिताचा. हसाबिस यांनी आधी कम्प्युटर सायन्स केलं, मग मेंदूवर पीएचडी. म्हणजे क्षेत्राची भिंत ओलांडणं या कामात नवं नाही.

मग आत्ताच ही चर्चा का? कारण दरवाजे सरकतायत

आपल्याकडच्या पीएचडीवाल्यांचा ठरलेला रस्ता म्हणजे अमेरिका. २०२५ पासून तो रस्ता अवघड झालाय.

तिथल्या एनएसएफ आणि एनआयएच या दोन मोठ्या संस्थांचे शेकडो मंजूर ग्रँट २०२५ मध्ये मध्येच रद्द झाले. त्यातले काही कोर्टामुळे परत आले. एनएसएफचं बजेट सुमारे ९ अब्ज डॉलरवरून ३.९ अब्ज डॉलरवर आणायचा प्रस्ताव सरकारने मांडला. काँग्रेसने इतकी मोठी कपात मान्य केली नाही, पण पुढच्या वर्षी पैसे असतील की नाही हेच माहीत नसेल, तर प्राध्यापक नवा माणूस घेताना हात आखडता घेणारच.

मॉडेलिंगला तर थेट धक्के बसले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने प्रिन्स्टन विद्यापीठाला हवामान संशोधनासाठी मिळणारा सुमारे ४० लाख डॉलरचा निधी थांबवत असल्याचं जाहीर केलं. मानाबे यांनी ज्या प्रयोगशाळेत काम केलं, ती याच प्रिन्स्टनमध्ये आहे. डिसेंबर २०२५ मध्ये बोल्डरच्या एनसीएआर या हवामान संशोधन केंद्राचे तुकडे करण्याचा बेत व्हाइट हाउसकडून जाहीर झाला. एनसीएआर म्हणजे कोण, हे आपल्याकडच्या हवामानवाल्यांना विचारा. डब्ल्यूआरएफ नावाचं जे मॉडेल भारतासकट जगभर वापरलं जातं, त्याच्या घडणीत या केंद्राचा मोठा वाटा आहे.

वरून व्हिसा. १९ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी नवा एच-१बी अर्ज करायचा, तर १ लाख डॉलर फी लागू झाली. कुठलं विद्यापीठ एका पोस्टडॉकसाठी एवढे पैसे भरेल? त्यामुळे आता जे-१ व्हिसा महत्त्वाचा. त्याला ही फी नाही. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये जे-१ च्या 'स्किल्स लिस्ट'मधून भारताचं नाव निघालं. त्यामुळे केवळ त्या यादीपायी जी 'दोन वर्षं मायदेशी राहा' ही अट लागायची, ती आपल्याला आता लागत नाही. सरकारी निधीवर गेलात तर मात्र ती लागू शकते. तेव्हा ऑफर आली की पहिला प्रश्न हा विचारा: व्हिसा कोणता आणि पैसे कुठून?

मग युरोप? ५ मे २०२५ ला युरोपियन कमिशनने 'चूज युरोप' ही मोहीम जाहीर केली, २०२५ ते २०२७ साठी ५० कोटी युरोंची. ऐकायला छान. पण सगळ्यांनी तिकडेच मोर्चा वळवला. तिथली सगळ्यात नावाजलेली पोस्टडॉक फेलोशिप म्हणजे मारी स्क्वोदोव्स्का-क्यूरी, आपण 'मारी क्यूरी' म्हणू. २०२४ मध्ये तिला १० हजारांच्या थोडे वर अर्ज आले होते. २०२५ मध्ये आले १७ हजारांहून जास्त. बजेट मात्र दोन्ही वेळा ४० कोटी युरोंच्या आसपासच. म्हणजे आधी साधारण सहातल्या एकाला मिळायची, आता दहातल्या एकाला.

थोडक्यात काय, तर एका दारासमोरची गर्दी उठून दुसऱ्या दारासमोर गेलीय. अशा वेळी फक्त देश बदलून भागत नाही, शोधायची पद्धतच बदलावी लागते.

एकच गणित, अनेक आडनावं

तुमच्या फोनमधला नकाशावरचा निळा ठिपका घ्या. जीपीएस सांगतं तुम्ही इथे आहात, पण त्यात चूक असते. फोनमधले सेन्सर सांगतात तुम्ही इतके हललात, त्यातही चूक असते. दोन्ही अर्धवट माहित्या एकत्र करून सगळ्यात पटणारी जागा काढायची पद्धत म्हणजे काल्मन फिल्टर. रुडॉल्फ काल्मन यांचा पेपर १९६० चा, आणि अपोलो यानांच्या दिशादर्शनातही ती पद्धत वापरली गेली.

आता हेच काम हवामानात बघा. मॉडेल सांगतं उद्या असं होईल, उपग्रह सांगतो आत्ता असं आहे, दोन्ही जुळवा. हवामानवाले याला 'डेटा असिमिलेशन' म्हणतात. तेलविहिरींचं मॉडेल करणारे 'हिस्टरी मॅचिंग' म्हणतात. रोबोटिक्समध्ये 'स्टेट एस्टिमेशन', संख्याशास्त्रात 'बेझियन फिल्टरिंग'. गणिताचा गाभा एकच, पण जाहिरातीत शब्द वेगळा. ज्याने रोबोटिक्समध्ये पीएचडी केली, तो हवामानाच्या जाहिराती उघडतच नाही, कारण त्याच्या सर्चमध्ये त्या येतच नाहीत!

अशा जोड्या बऱ्याच आहेत. कामाच्या तेवढ्या देतो:

- एक मॉडेल चालायला आठवडा लागतो, म्हणून त्याची झटपट नक्कल तयार करायची. हवामान आणि खगोलशास्त्रात 'एम्युलेटर', इंजिनिअरिंगमध्ये 'सरोगेट मॉडेल', काही ठिकाणी 'मेटामॉडेल' किंवा 'रिड्यूस्ड ऑर्डर मॉडेल'.
- प्रत्येक माणूस, प्राणी किंवा गाडी वेगळी धरून सिम्युलेशन करायचं. अर्थशास्त्र आणि साथरोगात 'एजंट बेस्ड', पर्यावरणशास्त्रात 'इंडिव्हिज्युअल बेस्ड'.
- थोड्या ठिकाणांची मोजमापं वापरून मधल्या जागांचा अंदाज काढायचा. भूशास्त्रात 'क्रिगिंग', मशीन लर्निंगमध्ये 'गॉसियन प्रोसेस'. क्रिगिंग हे नाव दक्षिण आफ्रिकेतले खाण इंजिनिअर डॅनी क्रिग यांच्यावरून पडलंय.
- परिणामावरून मागे जाऊन कारण शोधायचं. भूकंपशास्त्रात आणि मेडिकल इमेजिंगमध्ये 'इन्व्हर्स प्रॉब्लेम', जलशास्त्रात 'कॅलिब्रेशन', इतरत्र 'पॅरामीटर एस्टिमेशन'.
- उत्तरातली चूक उलट दिशेने सोडत नेऊन कोणता आकडा किती बदलायचा ते काढायचं. हवामान आणि विमानांच्या डिझाइनमध्ये 'अ‍ॅडजॉइंट मेथड', न्यूरल नेटवर्कवाले त्याच कल्पनेला 'बॅकप्रोपगेशन' म्हणतात.

ही उसनवारी आजची नाही. साथरोगांच्या मॉडेलिंगचा पाया मानला जाणारा १९२७ चा पेपर करमॅक आणि मॅकेन्ड्रिक या जोडीचा आहे. करमॅक रसायनशास्त्रातले, मॅकेन्ड्रिक डॉक्टर, आधी भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम केलेले. निरोगी आणि आजारी माणसांची गाठ पडण्याचं गणित त्यांनी मांडलं, ते रसायनांच्या अभिक्रियेच्या गणितासारखं. आणि ते पडताळून पाहिलं कशावर? १९०५-०६ मधल्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंच्या आकड्यांवर! कोविडच्या काळात टीव्हीवर जे वक्ररेषांचे आलेख दिसायचे, त्यांचा पणजोबा असा मुंबईच्या प्लेगपर्यंत पोहोचतो. औषध शरीरात कसं पसरतं आणि बाहेर पडतं, याची मॉडेल्सही अशीच 'कप्प्यांची' असतात. म्हणजे साथरोगात पीएचडी केलेल्याला औषधनिर्मितीचं दार पूर्ण अनोळखी नाही.

नाम बाजूला ठेवा, क्रियापद घ्या

मित्रांसोबत शोधताना आम्ही एक साधी युक्ती केली. आपल्या पीएचडीचं वर्णन एका वाक्यात लिहायचं, आणि त्यातून ज्या वस्तूचा अभ्यास केला ती वस्तू काढून टाकायची.

माझ्या मित्राचं मूळ वाक्य होतं: 'गॅस टर्बाइनच्या ज्वलनकक्षातल्या प्रवाहाचं सिम्युलेशन.' टर्बाइन काढलं, ज्वलनकक्ष काढला. उरलं काय? 'खळबळीच्या प्रवाहात मिसळणाऱ्या आणि एकमेकांशी अभिक्रिया करणाऱ्या पदार्थांची समीकरणं मोठ्या कम्प्युटरवर सोडवणं.' आता डोळ्यांसमोर आणा: शहराच्या हवेतलं प्रदूषण, समुद्रातलं प्लवक, जंगलातला वणवा, ढगांमधले थेंब. या सगळ्यांत तेच काम आहे. आधी तो फक्त 'कम्बशन सीएफडी पोस्टडॉक' शोधायचा. नंतर त्याने 'लार्ज एडी सिम्युलेशन', 'अ‍ॅटमॉस्फेरिक केमिस्ट्री मॉडेलिंग', 'ओशन बायोजिओकेमिस्ट्री' असे आठ-नऊ शब्द लिहून प्रत्येकाचा वेगळा अलर्ट लावला. दर आठवड्याला दिसणाऱ्या जाहिराती लगेच वाढल्या. लगेच नोकरी लागली का? नाही. पण 'माझ्या विषयात जागाच नाहीत' हे वाक्य त्याच्या तोंडून गेलं, आणि तेही कमी नाही.

हे शब्द शोधायला सोपा मार्ग: तुमच्या पद्धतीवरचा एखादा जुना, गाजलेला पेपर गूगल स्कॉलरवर उघडा आणि 'साइटेड बाय' दाबा. तुमच्या क्षेत्राबाहेरच्या कोणी कोणी तो वापरलाय ते बघा. त्यांच्या शीर्षकातले शब्द हेच तुमचे नवे सर्च शब्द.

जाहिराती लागतात कुठे आणि कधी?

प्रत्येक क्षेत्राची आपापली पाटी आहे, आणि बाहेरच्याला ती सहसा माहीत नसते. लिंक्डइनवर सगळं येत नाही.

युरोपातल्या जागांसाठी युरॅक्सेस, ब्रिटनसाठी जॉब्स डॉट एसी डॉट यूके. खगोलशास्त्रासाठी अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं जॉब रजिस्टर. कणभौतिकीसाठी इन्स्पायर. गणितवाल्यांसाठी मॅथजॉब्स, आणि अनेक विषयांसाठी अकॅडमिक जॉब्स ऑनलाइन. पदार्थांमधल्या इलेक्ट्रॉनचं मॉडेलिंग करणाऱ्यांसाठी साय-के. कम्प्युटेशनल केमिस्ट्रीसाठी सीसीएल. उत्क्रांती आणि जनुकांचं मॉडेलिंग असेल तर इव्हॉल्डिर. हवामानासाठी ब्रिटनच्या रेडिंग विद्यापीठातून चालणारं मेट-जॉब्स. ही यादी फोनच्या नोट्समध्ये ठेवा.

कॅलेंडरही क्षेत्रानुसार बदलतं. खगोलशास्त्रात बरेचसे अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बंद होतात, आणि ऑफरला उत्तर द्यायला १५ फेब्रुवारीपर्यंत वेळ द्यावा असा तिथे संकेत आहे. जीवशास्त्र किंवा इंजिनिअरिंगमध्ये असं एकत्र वेळापत्रक नाही, ग्रँट आला की जाहिरात. मारी क्यूरीची शेवटची तारीख साधारण सप्टेंबरमध्ये येते, पण सोबत घेणारी लॅब आधी लागते. म्हणजे खरी तयारी मार्च-एप्रिलपासून. शिवाय तिची एक अट लक्षात ठेवा: ज्या देशात जायचंय तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. भारतात पीएचडी केलेल्यांना ही अट उलट फायद्याचीच.

आणि क्षेत्र बदलणाऱ्यांसाठी खास बनवलेल्या फेलोशिप आहेत, हे फार जणांना माहीत नसतं. ह्युमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रामची 'क्रॉस डिसिप्लिनरी फेलोशिप' भौतिकशास्त्र, गणित, इंजिनिअरिंग, कम्प्युटरवाल्यांनी जीवशास्त्रात यावं यासाठीच आहे. श्मिट सायन्स फेलोज तर सांगतात की पीएचडीच्या विषयापासून वेगळ्या विषयात गेलंच पाहिजे, पण तिथे विद्यापीठाने तुमचं नाव सुचवावं लागतं. २०२२ मध्ये श्मिट यांच्याच संस्थेने विज्ञानात एआय वापरणाऱ्या पोस्टडॉकसाठी १४.८ कोटी डॉलरची योजना नऊ विद्यापीठांत सुरू केली, त्यात सिंगापूरची दोन आहेत. जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिपही बघा.

भारतात राहून?

'पोस्टडॉक म्हणजे परदेश' हे समीकरण आता सोडायला हवं. पुण्यातली आयआयटीएम ही संस्था बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे 'अर्क' हा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा सुपरकॉम्प्युटर सुरू झाला. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक हजार लाख कोटी गणितं. याच संस्थेने बनवलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' २६ मे २०२५ ला सुरू झाली. आधी १२ किलोमीटरच्या चौकोनाचा अंदाज मिळायचा, आता ६ किलोमीटरचा. आयसर, एनसीएल, आयुका, सी-डॅक पुण्यातच. मुंबईत टीआयएफआर, बंगळुरूमध्ये आयआयएससी आणि आयसीटीएस.

पैशांचं काय? केंद्र सरकारच्या प्रोजेक्टवरच्या रिसर्च असोसिएटचा दर १ जानेवारी २०२३ पासून महिना ५८,००० ते ६७,००० रुपये, घरभाडं वेगळं. राष्ट्रीय स्तरावरची नॅशनल पोस्ट डॉक्टोरल फेलोशिप दोन वर्षांची असते, आता ती एएनआरएफ या नव्या संस्थेखाली येते. तिला साधारण ३५ वर्षांची वयोमर्यादा आहे आणि महिला व राखीव प्रवर्गांना सवलत आहे. तुलनेसाठी, अमेरिकेच्या एनआयएचने २०२४ मध्ये नव्या पोस्टडॉकसाठी ठरवलेला किमान दर होता वर्षाला ६१,००८ डॉलर.

खरं बोलायचं तर, पीएचडीला पाच-सहा वर्षं घालवलेल्या माणसाला ५८,००० आणि त्याच्याच बॅचच्या आयटीवाल्याला त्याच्या कितीतरी पट, हे घरी समजावून सांगणं सोपं नसतं. त्यात पैसे वेळेवर येतील याची खात्री नसते. माझ्या एका मित्राचे फेलोशिपचे पैसे चार महिने अडकले होते आणि खोलीचं भाडं आम्ही बाकीच्यांनी मिळून भरलं. हे सगळं सहन करून माणसं टिकतात, कारण त्यांना तो प्रश्न सोडवायचा असतो. देशाने त्यांच्या चिकाटीवर किती दिवस अवलंबून राहावं, हा प्रश्न मात्र आपण विचारायला हवा. सुपरकॉम्प्युटर विकत घेता येतो. त्याच्यावर मॉडेल घडवणारा माणूस तयार व्हायला दहा वर्षं लागतात.

एआय हे काम खाऊन टाकणार नाही का?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच घेतो. फेब्रुवारी २०२५ पासून युरोपच्या हवामान केंद्राने एआयएफएस हे एआय मॉडेल रोजच्या वापरात आणलं. गूगलचं ग्राफकास्ट आणि हुआवेचं पांगू-वेदर २०२३ मध्येच गाजलं होतं. पण ही मॉडेल्स शिकतात कशावर? मुख्यतः त्या केंद्राच्या ईआरए५ या डेटावर, जो जुन्या पद्धतीच्या भौतिक मॉडेलमध्ये डेटा असिमिलेशन करून बनवलाय. म्हणजे नव्या मॉडेलचं पाठ्यपुस्तक जुन्या मॉडेलने लिहिलंय. कधी न घडलेला पाऊस आला तर एआय काय सांगेल, त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे तपासायला भौतिकशास्त्र कळणारा माणूस लागतोच. जाहिरातींमध्येही आता 'पायथॉन, मशीन लर्निंग आणि त्या विषयाची समज' असं त्रिकूट दिसतं.

उलट बाजूही आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वाटतं, कोड येतो म्हणजे झालं. २०२० मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचं कोविड मॉडेल गिटहबवर आलं, तेव्हा आमच्या जमातीने त्या कोडची यथेच्छ टिंगल केली. टेस्ट नाहीत, रचना जुनाट, वगैरे. टीकेत तथ्य होतं. पण केंब्रिजच्या एका संशोधकाने तो कोड स्वतंत्रपणे चालवला आणि अहवालातले निकाल जुळतात असं दाखवलं. मुद्दा हा की क्षेत्र बदलणं फुकट नसतं. नव्या क्षेत्रात कुठला आकडा विश्वासाचा आणि कुठला नाही, हे कळायलाच वर्ष जातं. अर्जात ते वर्ष मान्य करा. 'मला हे येतं, हे शिकावं लागेल' असं लिहिणारा अर्ज 'मला सगळं येतं'पेक्षा खरा वाटतो.

ईमेल पाठवण्याआधी

- एकच ईमेल पन्नास प्राध्यापकांना नको. चॅटबॉटने लिहिलेली, 'आपल्या महान कार्याने मी प्रभावित झालो' छापाची पत्रं त्यांच्याकडे रोज येत असणार.
- त्यांचा एक अलीकडचा पेपर वाचा आणि जमलं तर त्यातली एक आकृती स्वतः परत काढून बघा. ईमेलमध्ये त्या कोडची लिंक द्या. माझ्या मते पानभर सीव्हीपेक्षा हे जास्त बोलतं.
- पत्र दीडशे-दोनशे शब्दांत संपवा: मी काय सोडवतो, तुमच्या कुठल्या प्रश्नाला ते लागू पडतं, मी कधीपासून मोकळा आहे.
- रेफरन्स देणाऱ्यांना आधी विचारा, आणि महिनाभर तरी वेळ द्या.
- फसवणूक ओळखा. नोकरी देण्यासाठी कुठलंही खरं विद्यापीठ तुमच्याकडे पैसे मागत नाही. ऑफर लेटर जीमेलवरून आलं, 'व्हिसा प्रोसेसिंग' म्हणून यूपीआय मागितलं, मुलाखत फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर झाली, तर तिथेच थांबा. त्या विभागाच्या वेबसाइटवरचा नंबर काढून थेट विचारा.

आणि पोस्टडॉक नकोच असेल तर?

तेही ठीक आहे. २०१२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये 'रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर' हे पद नावारूपाला आलं. शास्त्रज्ञांच्या टीममध्ये राहून मॉडेलचा कोड नीट, वेगवान आणि तपासता येईल असा ठेवणं हे त्याचं काम. आपल्याकडे ते नाव अजून रुळलेलं नाही, पण गरज नक्कीच आहे. आजही अनेक मोठी हवामान मॉडेल्स फोरट्रानमध्ये आहेत, आणि ती भाषा १९५७ ची. तो कोड ग्राफिक्स कार्डवर चालवायचा तर माणसं लागणारच.

पोस्टडॉक घ्यायचाच असेल, तर घेण्याआधी त्याच्या शेवटाकडे बघा. दोन वर्षांनी हातात काय असेल? नवी पद्धत, की जुन्याच पद्धतीचे आणखी दोन पेपर? बऱ्याच फेलोशिप पीएचडीनंतरची वर्षं मोजतात, त्यामुळे घड्याळ चालूच असतं. नव्या क्षेत्रात उडी मारायची तर पहिल्या पोस्टडॉकमध्येच मारा, तिसऱ्यापर्यंत थांबू नका.

तुमच्या घरात, बिल्डिंगमध्ये, मित्रांत कोणी पीएचडी संपवत असेल, तर 'पुढे काय?' एवढंच विचारू नका. कागद-पेन द्या आणि म्हणा, तू काय करतोस ते एका वाक्यात लिही, पण ज्या गोष्टीवर करतोस तिचं नाव न घेता. त्या वाक्यातून जे शब्द निघतील ते सर्च बॉक्समध्ये टाका, अलर्ट लावा. आज रात्रीच करून बघा, अर्धा तास लागेल.